आखाड्याची चावी

आमचे पीटीचे सर स्वतःवरच शिट्टी वाजवायचे. म्हणजे स्टाफरूममध्ये सगळे निवांत बसलेत, कोणी पेपर वाचतंय, कोणी बदल्यांच्या गप्पा हाणतंय, मी घरी न्यायची मेथी निवडतेय, आणि एकदम फुर्र. मी त्या शाळेत नवीन असताना माझ्या हातातला चहा त्यापायी साडीवर सांडला. मी तणतणत विचारलं, "काय झालं हो सर?"

"काही नाही, मॅडम. मन पळून गेलतं. बोलावलं वापस."

बोलावलं वापस म्हणे. शेळी आहे का ती? मी मनात म्हटलं, झालं, या शाळेत एक येडा आहे आणि नशिबाने त्याच्याच शेजारची खुर्ची आपल्याला मिळाली आहे. मी तेव्हा दारव्ह्याला राहायची आणि शेअरच्या जीपमध्ये कोंबून घेऊन रोज त्या गावी जायची. मराठी शिकवायची. स्वभावाने चिडकी, आजही आहे, त्यात जीपमधून उतरेपर्यंत दिवसाचा निम्मा राग अंगात भरलेला असायचा.

सर उंच, काटक, कॅनव्हासच्या बुटांना खडूची भुकटी लावून पांढरे ठेवणारे. डबा उभ्याने खायचे. चहा उभ्याने. दुपारी लवंडताना त्यांना कोणी पाहिलं नाही. "आडव्यानं काही ठरवाचं नाही," हे त्यांचं पालुपद. आडवं पडलं की मन मालक होतं आणि माणूस नोकर, असं ते म्हणायचे. कोणाला काही ठरवायचं असेल, मग ते पोरीचं स्थळ असो की म्हैस विकणं, तर आधी तोंड धुवायचं, मग उभं राहायचं, मग एका जित्या माणसाला मोठ्याने सांगायचं आणि मगच ठरवायचं. हेडसर त्यांची नक्कल करायचे. शाळेच्या भिंतीला कोणता रंग द्यायचा हे विचारलं की हेडसर म्हणत, "थांबा, तोंड धुवून येतो." सगळे हसायचे. सरही हसायचे, आणि म्हणायचे, "धुवाच."

मैदानावर त्यांची कवायत ऐकायला मी खिडकीशी उभी राहायची. सावधान, विश्राम झालं की पोरांना डोळे मिटायला लावत. "मन कुठी हाये?"

"घरी, सर." "वावरात." "बोराच्या झाडावर."

"आणा वापस. शिव्या देऊ नोका त्याले. बैल चुकला तर आपण कसं हाक मारून आणतो, तसं आणा." मग पोट्टे-पोट्ट्या डोळे मिटून उभे. वाऱ्यावर कुठूनतरी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, वास यायचा. आणि सर त्यांच्यासमोर स्वतःही डोळे मिटून उभे, शिट्टी ओठात, आपलं शोधत.

हे कुठून शिकलात, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, त्यांच्या बापाने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव नाल्यात सोडले. "त्या दिवशी बापानं सांगतलं, बेटा, आतापर्यंत मन बिघडलं की देवावर ढकलता येत होतं. आता ते आपल्याच अंगावर आलं. आता सांभाळा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लय जड हाये मॅडम ते."

त्यांचं ते औषध मलाही एकदा लागू पडलं. माझी लेक तेव्हा लहान, कळंबला माझ्या आईकडे ठेवलेली. नवऱ्याची नोकरी दुसरीकडे, माझी जीपची धावपळ, कोण सांभाळणार? एका रविवारी मी गेले तर पोरगी माझ्या आईच्या पदरामागे लपली आणि मला मावशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले ती टेबलावर डोकं टाकून रडले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की मी आजच नोकरी सोडते. बाकीचे समजूत घालायला लागले. सरांनी समजूत घातली नाही. म्हणाले, "डोकं उचला. हापशीवर जा, तोंड धुवा."

मला इतका संताप आला की मी उठलेच. तोंड धुतलं. त्यांनी मला मैदानाला चक्कर मारायला लावली, पोरं बघत असताना, साडीत. परत आल्यावर म्हणाले, "आता उभ्यानं सांगा. काय ठरवलं?"

"नोकरी सोडायची."

"मंग सोडा. आता हे तुमचं हाये. मघाशी जे बोलत होतं ते रडणं होतं."

मी नोकरी सोडली नाही. पोरीला मात्र दारव्ह्याला घेऊन आले, आणि ते मला टेबलावर डोकं टाकून सुचलं नसतं. तेव्हापासून मी त्यांची टिंगल करायची सोडली. चिडायची नाही सोडली.

मग कापसाची ती वर्षं आली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी यायचं ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, मी सांगायला नको. शाळेत आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. पोट्टा डोकं भादरून आला की काय झालं म्हणून विचारायचं नाही. नुसती हजेरी घ्यायची. त्या पोरांना सर कवायतीत डोळे मिटायला लावत नसत. म्हणत, "तू उघडेच ठेव, बेटा."

सरांचा धाकटा भाऊ घरची शेती पाहायचा. एका दुपारी तो वावरातून घरी आला. भाजी थंड होती म्हणून बायकोला बोलला, ती उलटून बोलली, तो न जेवता खाटेवर आडवा झाला. फवारणीच्या औषधाचा डबा खाटेखाली होता. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात, आणि ते घरातच असतं, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या खाटेखाली, कोणाच्या तर चुलीजवळ तेलाच्या पिंपाशेजारी. त्याने आडव्यानेच हात खाली सोडला.

पेपरवाले आले, पुढारी आले. कशाने केलं, किती टेन्शन होतं, असं विचारू लागले. सर एकच सांगत राहिले. "त्याचं दुःख मोठं नव्हतं. डबा जवळ होता." लोकांना हे आवडलं नाही. माणूस गेला त्याला मोठं कारण लागतं. पण सरांना भाऊ माहीत होता. ते मला म्हणाले, "तासभर जाऊ देला असता ना मॅडम, तर उठून भाकर मांगली असती त्यानं."

त्या आडव्याने ठरवायचं नाही या पालुपदावर तेव्हापासून कोणी हसलं नाही. हेडसरांनी नक्कल बंद केली.

आणि सरांचं दुसरं येड सुरू झालं. कोणाच्याही घरी गेले की राम राम नाही, पाणी नाही, आधी प्रश्न, "औषध कुठी ठेवता?" काही घरांत त्यांना अंगणाच्या आत घेत नसत, तिथे अंगणातूनच विचारत. मग डबा मागत. गावाबाहेर नाल्याकडे जुना आखाडा होता, पत्र्याची एक खोली, आत मुगदल आणि तुटकी लेझीम. कुस्त्या कधीच्या बंद पडल्या होत्या. सरांनी तिथे कुलूप लावलं आणि गावाची औषधं तिथे आणून ठेवायला सुरुवात केली. ज्याला फवारायचं असेल त्याने सकाळी शाळेच्या आधी आखाड्यावर यायचं, बाहेरच्या हापशीवर तोंड धुवायचं, उभं राहून सांगायचं की कोणतं वावर, कोणती कीड पडली, मावा की अळी. मग सर कुलूप काढून त्याचा डबा देणार. संध्याकाळी उरलेलं परत.

लोकांनी शिव्या दिल्या. आमचं औषध आमाले मांगा लागते का, असं म्हणाले. पण बायांनी ऐकलं. बाया नवऱ्यांच्या नकळत पदराखाली डबे घेऊन येत आणि म्हणत, "ठेवा मास्तर, घरात नोको मले हे." त्या बायांचे चेहरे मी पाहिले आहेत. सर सांगायचे, "मन शिकते, पण हळू शिकते. तवरोक त्याले चालवा. रागातून उठून आखाड्यापर्यंत चाललं की अर्धं तर रस्त्यातच गळून जाते." आणि गळत होतं हो. एक जण तर भर दुपारी तरातरा आखाड्यावर गेला, कुलूप पाहिलं, तिथेच बसून रडला आणि घरी जाऊन झोपला. हे त्यानेच नंतर सांगितलं, हसत हसत. दोन हंगाम आमच्या गावात कोणी डोकं भादरलं नाही. मला वाटलं, जिंकला हा माणूस. खरंच वाटलं.

माझ्या आठवीच्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी होती. तिची आई आखाड्यावर नेहमी यायची. हसरी बाई. हापशीचं पाणी गढूळ येतं म्हणून तोंड धुवायला घरूनच स्टीलचा तांब्या भरून आणायची आणि सरांना चिडवायची, "पाहा मास्तर, तुमच्यापेक्षा मीच नेमाची." त्या सकाळी ती तशीच आली. तांब्यातल्या पाण्याने तोंड धुतलं, पदराने पुसलं, उभी राहिली. म्हणाली, "नाल्याकडच्या वावरात मावा पडला. आज फवारून घेतो."

सरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप लागली? लागली. जेवलीस? जेवलो, मास्तर. घरात भांडण? नाही. वर तिने सरांना सांगितलं की तुमचा गुडघा दुखते तर तिळाचं तेल लावत जा. सरांनी डबा दिला.

दुपारी मी वर्गात धडा वाचून घेत होते. तिचीच मुलगी वाचत होती. दारात माणूस येऊन उभा राहिला तेव्हा त्याने काही बोलायच्या आधीच सगळ्या वर्गाला कळलं. मुलगी मात्र सांगत राहिली, "नाही, माझी याडी फवाराले गेली आहे. मावा पडला आहे ना." याडी म्हणजे आई. मी तिला जवळ घेतलं तर माझ्या खांद्यातूनही तेच सांगत होती.

कोणी सरांना बोल लावला नाही. तेच वाईट झालं. तिचा नवरा येऊन हात जोडून म्हणाला, मास्तर, तुमची काय चूक. सर उभेच होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिनं सगळं बरोबर केलं, मॅडम. तोंड धुतलं होतं. उभी होती. मले सांगतलं." आणि थोड्या वेळाने, "डबा जवळ नव्हता तिच्या. मी देल्ला."

मी त्यांना म्हटलं की तुम्ही किती जणांना वाचवलं ते आठवा. ते माझ्याकडे असे बघत होते जसं मी दुसऱ्याच भाषेत बोलतेय. माझं बोलणं मलाच पोकळ वाटलं. एखादी बाई शांत डोक्याने, नीट विचार करून, उभ्याने मरायचं ठरवू शकते, हे त्यांच्या कवायतीत कुठेच बसत नव्हतं. माझ्याही डोक्यात बसत नव्हतं. आजही बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक आखाड्यावर आले, कारण अळीला सुतक नसतं. सर कुलपाला हात लावून उभे राहिले आणि त्यांना कोणाच्याही चेहऱ्यावरून काही कळेना. एकेकाकडे बघत राहिले. लोक कंटाळून परत गेले, तर काही जणांनी खडसावून आपले डबे मागून घरी नेले. त्या दुपारी सर माझ्याकडे आले आणि चावी टेबलावर ठेवली.

"हे तुम्ही ठेवा."

"मी? मला मावा आणि तुडतुडे यातला फरक कळत नाही."

"मले माणसातला कुठी कळला?" मग खाली बघून म्हणाले, "आन् मॅडम, मी मांगतली तर मले देऊ नोका."

मी विचारलं, कायले. त्यांच्यासारखंच विचारलं, आपोआप.

"माह्या मनाचा भरोसा नाही राह्यला. रोज तोंड धुतो. उभा राह्यतो. तरी ते तेच म्हणते."

मी चावी पर्समध्ये टाकली. मला त्यांचा भयंकर राग आला होता. साऱ्या गावाचं मन सांभाळायला निघालेला माणूस, आणि स्वतःचं मन एका चिडक्या बाईच्या पर्समध्ये टाकून मोकळा.

काही दिवस मी पहिल्या जीपने येऊन डबे दिले. पण माझ्यावर लोकांचा जीव नव्हता. हळूहळू सगळी औषधं घरोघर परत गेली, माळ्यावर, खाटेखाली. आखाड्यात उरलं ते सरांच्या भावाच्या वावरासाठी आणलेलं, भाऊ गेल्यापासून ते वावर सरच पाहायचे. आणि गावात पुन्हा पोट्टे डोकं भादरून येऊ लागले.

सरांनी पहिल्यांदा चावी मागितली ती अशाच एका सकाळी. वर्गाच्या दारात उभे, तोंड ओलं, केसांतून पाणी गळत होतं. "मॅडम, चावी द्या. भावाच्या वावरात अळी पडली." कारण चोख होतं. आवाज नेहमीचा. मी त्या ओल्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला कळेना की हे खरं की खोटं. त्यांनाही तिचं असंच कळलं नसेल. मी म्हटलं, "नाही देत." ते म्हणाले, "बरं." आणि जाऊन प्रार्थनेची शिट्टी वाजवली.

त्यानंतर ते मागतच राहिले. कधी आठवड्याने, कधी रोज. मला हळूहळू समजलं की ते चावी मागत नव्हते. ते एका जित्या माणसाला सांगत होते, की आजही मन तेच म्हणतंय. मी नाही म्हटलं की त्यांचा तो दिवस निघायचा. माणसाने मन आवरायला शिकावं आणि सुखी व्हावं, असली भाषणं मी प्रशिक्षणांत ढिगाने ऐकली आहेत. हा माणूस जन्मभर शिकला. सुखी एक दिवस झाला नाही. दिवस तेवढा निघाला.

ते रिटायर झाले आणि दारव्ह्याला येऊन राहिले, आमच्या पलीकडच्या गल्लीत, एकटेच. बायको आधीच गेली होती. भावजय मुलांना घेऊन माहेरी. वावर दुसऱ्याला कसायला दिलेलं. पुढे मीही रिटायर झाले. आखाडा पाडून तिथे समाजमंदिर झालं. ती चावी आता कशालाच लागत नाही, पण माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. आणि बाजाराच्या दिवशी सर पिशवीत वांगी-टमाटे घेऊन यायचे, तोंड धुवून, दारात उभ्यानेच. "मॅडम, चावी द्या."

"कायले पायजे?"

"फवारा लागते." कसलं वावर आणि कसली पऱ्हाटी, दोघांनाही माहीत होतं.

"नाही देत."

"बरं. चहा तं द्या." आणि उभ्याने चहा. माझा नवरा हसायचा, "आले तुझे चावीवाले." मी कधी हसले नाही. एखाद्या बाजाराला ते उशिरा आले की माझा जीव खालीवर व्हायचा.

काल बाजार होता. सर आले. तोंड धुतलेलं नव्हतं, रस्त्याची धूळ तशीच. आले आणि खुर्चीवर बसले. मी त्यांना इतक्या वर्षांत चहा प्यायला बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हटलं, थकले असतील, वय झालं. त्यांनी सावकाश चहा घेतला, चांगला झाला म्हणाले. विचारलं, "लेक आई म्हणते ना तुमाले आता?" मी म्हटलं, आता तर तिचीच पोरं तिला आई म्हणतात. ते छान हसले. इतकं मोकळं हसू मी त्यांच्या तोंडावर भाऊ गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मला किती बरं वाटलं. मग गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. "नातवाले द्या." मी म्हटलं, आणि तुम्हाला? "मले आता काम नाही तिचं. मन जागेवर हाये." आणि जाताना म्हणाले, "मॅडम, जीपनं जाऊन जाऊन तुमची कंबर गेली. शेकत जा."

ते गेले. मी कप उचलले, ओट्यावर ठेवले आणि वर पाहिलं तर खिळ्याला चावी. त्यांनी ती मागितली नव्हती.

कंबर शेकत जा म्हणाले. तिळाचं तेल लावत जा, असं ती म्हणाली होती, डबा घेताना.

कदाचित खरंच बरे झाले असतील. माणूस बरा होतच नाही असं थोडंच आहे? पण इथून त्यांच्या घरापर्यंतच्या रस्त्यावर फवारणीची औषधं विकणारी कृषी केंद्रांची दुकानं आहेत, एकाला लागून एक, आणि तिथे कोणी कोणाला विचारत नाही की झोप लागली का. मी गॅस बंद केला. शिट्टी उचलली आणि चपला पायात अडकवून निघाले. तोंड धुवायला थांबले नाही.

बाजाराच्या गर्दीत ते मला लांबवर दिसले, पांढरे बूट, पिशवी हातात, सरळ चाललेले. मी हाका मारल्या. भाजीवाल्यांच्या ओरडण्यात माझी हाक कुठली पोचते? मग मी ती शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली. सगळ्या बाजाराने वळून पाहिलं. सर थांबले नाहीत. मी परत वाजवली.